तिघऱ्याची मोहीम

ग्वाल्हेरचा मराठी माणूस मोहिमेवर आला आणि परत गेला नाही, हा इतिहास आहे. दौलतराव शिंद्यांची छावणी १८१० च्या सुमारास किल्ल्याच्या पायथ्याशी पडली, ती पडलीच. राहुट्यांच्या जागी वाडे उठले, छावणीच्या बाजाराची पेठ झाली आणि त्या सगळ्या वस्तीला आजही लष्करच म्हणतात. कूच करण्याचा हुकूम काढायचा बहुधा राहून गेला. त्याआधी हीच मंडळी वर्षानुवर्षं तंबूत संसार करत मुलूख पालथा घालत होती. ब्रॉटन नावाचा इंग्रज अधिकारी १८०९ साली या फिरत्या छावणीसोबत होता आणि त्यानं तिथून लिहिलेल्या पत्रांचं पुढे पुस्तक निघालं. शहरच्या शहर, सावकार-हलवायांसकट, एका मुक्कामावरून उठायचं आणि दुसऱ्या मुक्कामी जाऊन बसायचं. व्हॉट्सअ‍ॅप नव्हतं, म्हणून जमलं.

अशा लोकांच्या खापरपणतवंडांनी एका शनिवार-रविवारी सायकली घेऊन जंगलात जायचं ठरवलं. जंगल वीस-बावीस किलोमीटरवर. हा लेख त्या ठरवण्याबद्दल आहे. जाण्याचं काय, जाणं किरकोळ असतं.

सुरुवात एका फोटोनं झाली. आमच्यातल्या प्राध्यापकबाईंचा मुलगा अमेरिकेत, व्हरमाँटला असतो. त्यानं लालकेशरी मेपलचं रान, खाली पानांचा खच, मधून पायवाट आणि पायवाटेवर जाड टायरांची सायकल धरून उभे आपण, असा फोटो पाठवला. बाईंनी तो ग्रुपवर टाकला. त्यावर 'सुरेख', 'व्वा', 'दृष्ट काढा' वगैरे रीतसर झालं. मग बँकवाल्या काकांनी लिहिलं, 'आपल्याकडेही जंगल आहे.' विधान म्हणून हे बरोबर होतं. पण ग्रुपवर बरोबर विधान केलं की लोक त्याचा प्रस्ताव करतात. रात्री जेवणं होईपर्यंत त्यावर अंगठ्यांची रांग लागली, आणि सकाळी उठून पाहतो तो 'शरद सायकल मोहीम' नावाचा वेगळा ग्रुप तयार. त्यात मी होतो. मला कोणी विचारलं नव्हतं, पण ग्रुपमधून बाहेर पडलं की ते सगळ्यांना दिसतं, आणि लष्करात संध्याकाळी भाजी आणायला त्याच रस्त्यानं जायचं असतं.

ग्रुपला नाव मिळालं तरी वाद संपला नाही. 'मोहीम' शब्दाला इंजिनिअर काकांची हरकत होती. त्यात हार-जीत येते, म्हणून 'सहल' म्हणावं. सहलीला पोरांची हरकत, कारण सहल म्हटलं की शाळेची बस आणि पिवळी टोपी. वकीलसाहेबांनी नियमावलीचा मसुदा टाकला, त्यात 'सदस्य' आणि 'निमंत्रित सदस्य' अशी फोड होती आणि मोहिमेत काही झाल्यास मोहीम जबाबदार नाही असं कलम होतं. मग 'फक्त कामाचं' नावाचा आणखी एक ग्रुप निघाला, म्हणजे पहिल्यावर सुप्रभात आणि दुसऱ्यावर काम. आठवड्याभरात सुप्रभात दोन्हींवर येऊ लागलं आणि काम कोणत्याच नाही.

शरद ऋतू सायकलीला उत्तम, याबद्दल मात्र दुमत नव्हतं. मे महिन्यात ग्वाल्हेरचा पारा सत्तेचाळीसच्या घरात जातो, तेव्हा सायकलीची सीटच काय, सायकलीचा विचारही चटका देतो. पावसाळ्यात चिखल. जानेवारीत धुकं इतकं, की हँडलला धरलेला आपलाच हात दुसऱ्याचा वाटावा. उरला शरद. आभाळ धुतलेलं, गवत कमरेइतकं, ओढ्यांना पाणी, वाटा नुकत्या वाळलेल्या. निसर्गानं वर्षातले सहा-सात आठवडे सायकलीसाठी राखून ठेवले आहेत. पंचांगानं नेमके तेच आठवडे स्वतःसाठी राखले आहेत.

पितृपक्षात नवं काही सुरू करायचं नाही, असं आत्यानं सांगितलं. आत्या सायकल चालवत नाही, ग्रुपमध्येही नाही. पण आमच्या घराण्यात नकाराधिकार तिच्याकडे आहे. सायकल जुनीच आहे, असा मुद्दा वकीलसाहेबांनी काढला. टायर नवे आहेत, हे आत्याला ठाऊक होतं. पितृपक्ष गेला. नवरात्रात निम्म्यांचे उपास. साबुदाण्याच्या जिवावर चढ चढवत नाही, असं डॉक्टरांनी शास्त्रीय मत दिलं. यावर पोरांनी दाखवून दिलं, की साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट, आणि शर्यतीतले सायकलवाले नेमकं तसलंच काहीतरी महागड्या पाकिटांतून चोखत असतात. डॉक्टरांनी विषय डेंग्यूकडे वळवला. तेही खोटं नव्हतं. पाऊस सरता सरता डेंग्यूचे पेशंट वाढतात आणि डॉक्टरांना रविवार उरत नाही.

मग दसरा. बँकवाले काका इतके दिवस याचीच वाट पाहत असावेत. ते म्हणाले, "अहो, सीमोल्लंघनाचा दिवस! निघायचं तर यासारखा मुहूर्त नाही." सूचना सगळ्यांना आवडली. इतकी आवडली, की ती मानायची गरज कोणालाच वाटली नाही. दसऱ्याला घर सोडून कोण जातं? संध्याकाळी मांढरे की मातेच्या पायथ्याशी शमीपूजन असतं. शिंदे घराण्याचे प्रमुख शमीला तलवार लावतात आणि पानं लुटायला झुंबड उडते. आपले पणजोबा त्या झुंबडीत नव्हते, तर तलवारीच्या बाजूला उभे होते, असं सांगणारी घरं लष्करात इतकी आहेत, की त्या बाजूला उभं राहायला जागा कशी मिळाली असेल याचं मला नवल वाटतं. थोडक्यात, सीमोल्लंघनाच्या दिवशी सीमा ओलांडणं कोणालाच सोयीचं नव्हतं.

कोजागिरीला चांदण्यातून सायकलनं जाऊ, ही पोरांची कल्पना. तिच्यात काव्य होतं. ग्वाल्हेर संस्थानानं भा. रा. तांब्यांना राजकवी केलं होतं, तेव्हा काव्याला इथे नाही म्हणायचा प्रघात नाही. पण जंगलात चांदणं झाडांच्या शेंड्यावर पडतं आणि खड्डा खाली असतो, हे इंजिनिअर काकांनी आकृती काढून दाखवलं. शिवाय मसाला दूध. ते पिऊन मध्यरात्रीनंतर जो माणूस सायकलवर बसेल त्याला झोपायला सीट पुरणार नाही. कोजागिरीनंतर दिवाळीची साफसफाई, साफसफाईनंतर फराळ, फराळानंतर दिवाळी, दिवाळीनंतर फराळ संपवणं, मग तुळशीचं लग्न आणि त्यापाठोपाठ माणसांची. डिसेंबरात तानसेन समारोह. त्या दिवसांत ग्वाल्हेरकर एकदा तरी मैफलीला जातो, निदान जाऊन आल्याचं सांगतो. आणि पुढे मेळा. माधवराव शिंद्यांनी १९०५ साली भरवला तेव्हापासून ग्वाल्हेरचा हिवाळा त्याच्याच नावावर आहे.

अखेर कोजागिरी आणि वसुबारस यांच्यामध्ये एक मोकळा रविवार सापडला. शनिवार नाही. शनिवारी पोरांचे क्लास असतात. दोन दिवसांची मोहीम अशा रीतीनं एका दिवसाची झाली आणि मुक्कामाचे तंबू यादीतून गेले. तंबूत राहण्यावर पूर्वजांनी इतकी वर्षं काढली आहेत, की आमच्या वाट्याचं तेव्हाच होऊन गेलं म्हणायचं.

जागा ठरवणं त्या मानानं सोपं जाईल असं वाटलं होतं. ग्वाल्हेरच्या भोवती जंगल आणि इतिहास दोन्ही पुष्कळ. पहिलं नाव शिवपुरीचं निघालं. शिंद्यांची उन्हाळी राजधानी, सुमारे ११५ किलोमीटरवर, तिथे माधव राष्ट्रीय उद्यान, सख्यासागर तलाव, माथ्यावर पंचम जॉर्जसाठी १९११ मध्ये बांधलेला जॉर्ज कॅसल. पण मार्च २०२५ मध्ये माधव उद्यान व्याघ्र प्रकल्प झालं. वाघाच्या हद्दीत सायकलीनं शिरायची परवानगी कोण देणार? वकीलसाहेबांनी १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा काढला आणि त्यातली कलमं आवाजी संदेश करून पाठवली. ते संदेश अजून कोणी पूर्ण ऐकलेले नाहीत. सख्यासागरात मगरी आहेत, अशी डॉक्टरांनी पुस्ती जोडली. म्हणजे जमिनीवर कायदा आणि पाण्यात मगर.

मग कुनो. तिथे १७ सप्टेंबर २०२२ रोजी नामिबियातून आठ चित्ते आणून सोडले, पुढच्या वर्षी दक्षिण आफ्रिकेतून बारा आले. चित्ता माणसाच्या वाटेला सहसा जात नाही, पण काही चित्ते उद्यानाची हद्द ओलांडून गावांकडे जातात, हे पेपरात वाचलेलं सगळ्यांना आठवलं. प्राध्यापकबाईंनी समजावलं, की चित्ता शंभराच्या वेगानं धावतो खरा, पण जेमतेम काही सेकंद, मग दमतो. "म्हणजे आपल्यासारखाच," बँकवाले काका म्हणाले. बैठकीत एवढं एकच वाक्य सर्वानुमते संमत झालं.

कुनोची गोष्ट निघाली की आमच्याकडे हटकून छोट्या गाडीची निघते. ग्वाल्हेर ते श्योपूर दोन फुटी रुळांची आगगाडी २०२० पर्यंत होती. दोनशे किलोमीटरला सबंध दिवस घ्यायची. लोक उतरून शेजारून चालायचे आणि पुन्हा चढायचे, असं जुनी माणसं सांगतात. सायकली तिच्या टपावर टाकल्या असत्या तर कुनोच्या जिल्ह्यात आरामात पोचलो असतो, असं इंजिनिअर काका फार हळहळून म्हणाले. टपावर बसून जायला त्यांचं वजन आणि वय दोन्ही परवानगी देत नव्हतं. पण गाडीच बंद असल्यामुळे ते सिद्ध करायची वेळ आली नाही. आता तिथे ब्रॉडगेज होते आहे. तिच्यातून उतरून शेजारून चालता येणार नाही.

बटेश्वर-पढावली-मितावलीचा फेरा मला स्वतःला पसंत होता. मुरैना जिल्ह्यात बटेश्वरला दोनेकशे लहान देवळांचा ढिगारा पडला होता. के. के. मुहम्मद यांनी पुरातत्त्व खात्यातर्फे २००५ पासून त्यातली दगडन् दगड जुळवून बरीच देवळं उभी केली, तीही निर्भय गुर्जर या दरोडेखोराच्या मुलखात. एवढं मी ग्रुपवर लिहिलं आणि 'दरोडेखोर' हा शब्द आत्यापर्यंत पोचला. चंबळचे दरोडेखोर केव्हाच संपले, हे तिला समजावताना सगळ्यांची दमछाक झाली. एप्रिल १९७२ मध्ये जौऱ्याला जयप्रकाशजींसमोर शेकड्यांनी बंदुका खाली ठेवल्या, १९८३ मध्ये भिंडला फूलनदेवी शरण आली. तारखा ऐकून आत्या म्हणाली, "म्हणजे सगळे सुटून आले असतील आता." याला उत्तर नव्हतं. शिवाय तो सगळा रस्ता डांबरी निघाला, आणि पोरांचा हट्ट मातीच्या वाटेचाच होता.

घाटीगावचं अभयारण्य १९८१ साली माळढोकसाठी केलं. माळढोकच आता तिथून गेला आहे. जिथून पक्षीसुद्धा निघून गेला तिथे आपण कशाला जायचं, हा युक्तिवाद मला अजून पूर्ण कळलेला नाही, पण तो मान्य झाला.

उरलं तिघरा. सांक नदीवरचं १९१६ चं धरण, त्याचंच पाणी आमच्या नळाला येतं. जवळ झुडपी रान, टेकाडं, गुरांच्या वाटा. तिघऱ्याला नाही म्हणायला कोणाकडे काही उरलं नव्हतं, म्हणून तिघरा ठरलं. इंजिनिअर काकांना त्यातच आनंद झाला. विश्वेश्वरय्यांनी पाण्याच्या दाबानं आपोआप उघडणारे दरवाजे पहिल्यांदा १९०३ मध्ये पुण्याच्या खडकवासल्याला बसवले आणि त्यानंतर तिघऱ्याला, हे त्यांनी सांगितलं. मग पुन्हा सांगितलं. पुण्याचं आणि ग्वाल्हेरचं नातं पेशव्यांपर्यंत नेणारे खूप भेटतात, दरवाजांपर्यंत नेणारे हे एकटेच. पाणी ठराविक पातळीला आलं की दरवाजा स्वतःहून उघडतो, कोणाला विचारत नाही, ग्रुपवर मत मागत नाही. काका हे सांगताना आमच्याकडे का पाहत होते, ते आम्ही ओळखून होतो.

यानंतर सायकली. पोरांच्या मते आमच्याकडे डोंगरी सायकल नव्हतीच. मुळात ही चीज कॅलिफोर्नियात जन्मली. तिथल्या टमालपाइस डोंगराच्या परिसरात काही टारगट मंडळी तीस-चाळीस सालच्या बोजड, फुग्या टायरांच्या सायकली घेऊन मातीच्या उतारावरून स्वतःला सोडून देत. उतार इतका, की मागच्या ब्रेकच्या हबमधलं ग्रीस जळून धूर निघे आणि खाली पोचल्यावर ते पुन्हा भरावं लागे. म्हणून त्या शर्यतीचंच नाव 'रीपॅक'. पहिली शर्यत २१ ऑक्टोबर १९७६ ला झाली, म्हणजे शरदातच, आणि त्यांच्या आड दिवाळी आली नाही. पुढे वीस वर्षांत हा प्रकार अटलांटाच्या ऑलिंपिकमध्ये जाऊन बसला. म्हणजे जगातली पहिली डोंगरी सायकल ही जुनी, जड, ग्रीस गळणारी सायकल होती. या व्याख्येनं बँकवाल्या काकांची सायकल संग्रहालयात ठेवण्याइतकी अस्सल ठरली.

नव्वदच्या दशकात आमच्या पिढीनं 'रेंजर'साठी आईवडिलांचा जीव खाल्ला होता. आडवा दांडा, जाड टायर, सरळ हँडल. ती घेऊन आम्ही जयेंद्रगंजच्या डांबरी रस्त्यावरच फिरलो, पण फिरताना चेहरा जंगलातला असे. आताच्या पोरांना 'शॉकर' हवा, पुढे तर हवाच, मागेही हवा. मागच्या शॉकरचा स्वस्त नमुना घेऊ नका, चढावर तुमचं निम्मं बळ स्प्रिंग दाबण्यातच जातं, असं नया बाजारातल्या मिस्त्रीनं सांगितलं. सायकली विकायचा नव्हे, फक्त दुरुस्तीचा धंदा करणारा माणूस असल्यामुळे त्याच्यावर विश्वास ठेवता आला. त्यानं एकेकीचा चिमटा हलवून पाहिला, हबातले छर्रे बदलले, आणि हवेबद्दल असं सांगितलं, की मातीच्या वाटेला टायर जरा नरम ठेवा, पकड राहते. हे मी ग्रुपवर टाकलं. डॉक्टरांनी 'किती पीएसआय?' विचारलं. मिस्त्री अंगठ्यानं दाबून पाहतो, आणि अंगठ्याला पीएसआय नसतो.

काट्यांचा विषय मात्र गंभीर होता आणि तो प्राध्यापकबाईंनी घेतला. त्या वनस्पतिशास्त्राच्या. व्हरमाँटसारखी पानगळ बघायला निघालेल्यांना त्यांनी आधीच सांगून टाकलं होतं, की आपल्याकडची पानगळ शिशिरातली, शरदात इथे झाडं हिरवीच असतात. तांबूस रंग बघायचाच असेल तर करधई बघा. ग्वाल्हेरपासून कुनोपर्यंतच्या रानात तीच जास्त. थंडी पडली की पानं तांब्याच्या रंगावर जातात, उन्हाळ्यात झाड पार वठल्यासारखं दिसतं आणि हवेत नुसता ओलावा आला तरी पालवतं. पण करधई टायरला काही करत नाही. टायरचा वैरी विलायती बाभूळ. चंबळच्या घळींची धूप थांबावी म्हणून १९८०च्या दशकात तिचं बी विमानातून टाकलं होतं. घळी किती थांबल्या कोण जाणे, सायकली नक्की थांबल्या. विमानातून पेरलेलं पंक्चर भारतात दुसरीकडे क्वचितच मिळेल. खाली गोखरू, वर बोरी, मध्ये बाभूळ. बाईंनी जाड्या ट्यूब, आत ओतायचं सीलंट आणि प्रत्येकी जादा ट्यूब अशी यादी दिली. यादीवर सगळ्यांनी हात जोडल्याचं चिन्ह टाकलं. हात जोडणं म्हणजे वाचलं, पटलं, आणणार नाही.

सराव हवा, म्हणून एका पहाटे किल्ल्याचा उरवाई दरवाजाकडचा चढ ठरला. त्या रस्त्याच्या कडेला कड्यात कोरलेल्या पंधराव्या शतकातल्या जैन तीर्थंकरांच्या प्रचंड मूर्ती आहेत, कित्येक उभ्या, निश्चल. पहिल्या वळणाआधीच आमच्यापैकी बहुतेक जण सायकल धरून तसेच निश्चल उभे होते. फरक मुद्रेतल्या शांतीचा. पोरं वर पोचली. प्राध्यापकबाई वर जाऊन खालीही आल्या. त्या लहानपणापासून कॉलेजात नोकरी लागेपर्यंत सायकलच चालवत होत्या, हे त्यांनी कधी सांगितलं नव्हतं, कारण कोणी विचारलं नव्हतं. मोहिमेचं नेतृत्व वास्तविक त्याच सकाळी ठरायला हवं होतं. पण ते बँकवाल्या काकांकडे होतं, कारण वर्गणी त्यांच्याकडे जमा होत होती. तानसेनच्या कबरीजवळच्या चिंचेचा पाला चघळला की गळा सुधारतो, अशी ग्वाल्हेरची श्रद्धा आहे. गुडघ्यासाठी असं झाड लावायचं कोणाला सुचलं नाही.

खाण्याची समिती तेवढी पहिल्या दिवसापासून जोरात होती. तिची स्वतंत्र बैठक झाली, सगळे वेळेवर आले आणि निर्णय झाले. सकाळी निघताना बेडई आणि भाजी. बेडई गरम हवी, म्हणून ती घेऊन पुढे जायला एक माणूस. पोचल्यावर पोहे. अकराला थालीपीठ आणि लोणी. लोणी वितळू नये म्हणून बर्फाचा डबा. जेवायला मेथीचे पराठे, दहीभात, बटाट्याची सुकी भाजी. गजक हवी होती, पण ऑक्टोबरातली गजक म्हणजे नुसता उत्साह. थंडीशिवाय तिला खुमारी नाही, म्हणून तिच्या जागी बेसनाचे लाडू. हे सगळं सायकलीला कसं बांधणार? म्हणून एक बोलेरो. बोलेरो आलीच आहे तर भांडी. भांडी आली तर सतरंज्या. सतरंज्या आल्या तर घरची मंडळी का नकोत? मग दुसरी बोलेरो. दुसरीत जागा उरली म्हणून आत्या. दरोडेखोरांबद्दलचं तिचं मत बदललं नव्हतं, पण आपण बरोबर असलो की ते काही करणार नाहीत, असा तिचा हिशेब होता.

यादी वाचताना मला जयविलास महाल आठवला. तिथे मेजवानीच्या टेबलावर रूळ आहेत आणि त्यांवरून चांदीची छोटी आगगाडी पाहुण्यांपुढे मद्याच्या सुरया घेऊन फिरायची. पाहुण्यानं सुरई उचलली की गाडी थांबायची. तिघऱ्याच्या पायवाटेला असे रूळ टाकता आले असते तर खर्च वर्गणीत बसला नसता, पण वर्गणी वाढवायला कोणी ना म्हटलं नसतं. ब्रॉटनच्या वेळी छावणीबरोबर बाजार चालायचा. दोनशे वर्षांत आमच्यात बदल झाला आहे असं म्हणवत नाही. बुणगे आधी निघतात, फौज मागून येते.

रविवारी आम्ही गेलो. खरंच गेलो. सायकलींपेक्षा बोलेरोतली माणसं जास्त होती, हे पोलीस चौकीपाशी उतरून चहा घेताना लक्षात आलं. तिघऱ्याच्या पाण्यावर ऊन येत होतं, गवत पिवळं पडू लागलं होतं, आणि धरणाच्या अलीकडून एक गुरांची वाट रानात शिरत होती. ती वाट अप्रतिम आहे. दगड, मुरूम, अंगावर येणाऱ्या फांद्या, मध्येच वाळका ओढा, पलीकडे चढ. कोणी खास सायकलींसाठी आखली असती तरी इतकी जमली नसती, आणि आखणाऱ्या म्हशींना त्याचं काही नाही. पहिलं पंक्चर डॉक्टरांचं. दुसरं वकीलसाहेबांचं, त्यांच्याच नियमावलीनुसार मोहीम जबाबदार नव्हती. त्यानंतर मोजणं सोडून दिलं. जादा ट्यूब फक्त बाईंकडे होती, ती त्यांनी एका पोराला दिली आणि स्वतः पुढे निघून गेल्या. शेळ्या राखणारा एक म्हातारा उलट्या ठेवलेल्या सायकलींची ती रांग बघून थांबला. "काए, सबकी एक संगे बिगड गई?" त्यानं विचारलं. होय म्हटलं. सायकलची किंमत विचारली, ती वकीलसाहेबांनी खरी सांगितली. म्हाताऱ्यानं शेळ्यांकडे पाहून मनात काही भागाकार केला आणि काही न बोलता निघून गेला.

सायकली ढकलत आम्ही बोलेरोपाशी आलो तेव्हा पोहे तयार होते. थालीपीठं झाली. लोणी वितळलं नव्हतं. प्राध्यापकबाई टेकडीला वळसा घालून, हातावर ओरखडे आणि केसांत करधईची पानं घेऊन जेवायच्या वेळेला परतल्या आणि वाट छान आहे म्हणाल्या. त्यांचा फोटो व्हरमाँटला गेला. चिरंजीवांचं उत्तर आलं, 'हेल्मेट कुठाय?' मोहीम यशस्वी झाल्याचं बँकवाल्या काकांनी संध्याकाळी ग्रुपवर जाहीर केलं, हिशेब टाकला, आणि उरलेल्या वर्गणीचं काय करायचं याची चर्चा अजून चालू आहे.

माझं मत विचाराल तर सायकली न्यायला हरकत नाही, पण मोहिमेला त्या लागतातच असं नाही. बोलेरो लागतात. पुढच्या शरदात शिवपुरीला जायचं ठरतं आहे, वाघाची हद्द सोडून बाहेरच्या रानात. तारीख अर्थातच ठरायची आहे. ग्वाल्हेरात असाल, सायकल असेल, किंवा नसेल, तर जरूर या. खाण्याची काळजी करू नका, ते उरतं. ट्यूब तेवढी आपापली आणा.